तक्त्यात एक रकाना वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जमिनीचा विभाग (झोन) बदलून मिळावा म्हणून नगरनियोजन खात्याकडे जे अर्ज येतात, त्यांच्या नोटिसा वर्तमानपत्रांत छापून येतात. बहुतेकांच्या घरी ते पान न वाचताच रद्दीत जात असावे. मी सकाळी गिऱ्हाईक येण्याआधी दुकानात बसून ते वाचतो, तेही ओळीखाली पट्टी धरून, कारण अक्षर मुंगीएवढे असते. अर्जदाराचे नाव, गाव, तालुका, सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, सध्याचा विभाग, मागितलेला विभाग असा तो तक्ता. सध्याच्या रकान्यात शेतजमीन, बागायत किंवा नैसर्गिक आच्छादन लिहिलेले असते आणि मागितलेल्या रकान्यात बहुधा सेटलमेंट (म्हणजे वस्ती), क्वचित व्यापारी. खाली एक ओळ: हरकती व सूचना ३० दिवसांत द्याव्यात. मला हवा असलेला रकाना मात्र त्या तक्त्यात नसतो. हीच जागा का, हे कुठेच लिहिलेले नसते.

मी गोव्यातल्या दिचोली तालुक्यात हार्डवेअरचे दुकान चालवतो. सिमेंट, सळ्या, पत्रे, पाइप, रंग असा माल. त्याआधी खनिज वाहतुकीवर माझा टिपर होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्यंतरी थोडे दिवस सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. आमच्या भागातल्या पुष्कळ टिपरवाल्यांनी तेव्हा दुसरा धंदा धरला, तसा मीही धरला. तेव्हा मला ‘विकास नको’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत कोणी उभे करू नये. गावात चार इमारती उठल्या तर माझेच सिमेंट खपणार आहे. धंद्याला जागा लागते, आणि ती सहजासहजी मिळत नाही, हे मला नोकरदार माणसापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पत्र लिहायचे निमित्त आमची ग्रामसभा. आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला जे शेत आहे, तिथे लग्नाचा हॉल आणि पुढच्या बाजूला दुकानांची रांग असा बेत कोणीतरी आखल्याची कुजबुज गावात होती. विषय निघाला आणि सभागृहाचे दोन भाग झाले. एका बाजूने ‘आमकां नाका’चा घोष, दुसऱ्या बाजूने ‘भुरग्यांक (मुलांना) काम कोण दितलो?’ असा सवाल. आवाज चढले, एकाने माईक ओढला, दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वीचे कुंपणाचे भांडण उकरून काढले. सरपंचबाब बिचारे घाम पुसत ‘सगळ्यांचें आयकतां’ म्हणत राहिले. सचिवांनी वहीत ‘विषयावर चर्चा झाली’ असे लिहिले आणि चहा आला.

त्या सगळ्या गदारोळात एकानेही विचारले नाही की त्या शेताकडे जाणाऱ्या मोरीवरून दोन गाड्या एकावेळी जातात का. जात नाहीत. लग्नाला दोनशे गाड्या आल्या तर उभ्या कुठे राहतील? जुलैत त्या शेतात पाणी किती चढते? हॉलचे सांडपाणी कुठे सोडणार? जनरेटर कोणाच्या खिडकीखाली बसणार? हे प्रश्न विकासाच्या बाजूचेही नाहीत आणि विरोधातलेही नाहीत. ते जागेचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे मोजपट्टी घेऊन, पावसात उभे राहून आणि शेजाऱ्याला विचारून मिळतात. घोषणा देऊन मिळत नाहीत.

मला स्वतःला गोदामासाठी जागा हवी होती तेव्हा हे सगळे पायाखालून घातले. दुकानामागची खोली पुरेना. सिमेंटचा माल असा की ओल लागली की खालच्या थरातली गोणी दगड होते. फळ्यांवर रचली आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवली तरी जमीनच ओलसर असेल तर आषाढात काही खरे नाही. त्यामुळे पहिली अट उंचवट्याची. दुसरी अट गाडीची. दहाचाकी गाडी लोखंड घेऊन येते तेव्हा तिला वळायला केवढी जागा लागते, हे ती मागे घेताना पाहिल्याशिवाय कळत नाही. वाड्यातली एक जागा मला भाड्याच्या दृष्टीने पसंत होती, पण तिथे पोचायचे तर गाडीने एका घराच्या पडवीला घासून वळायला हवे होते, आणि त्या घरात दमेकरी म्हातारी. सिमेंट उतरवताना जी धूळ उडते ती तिच्या नाकातोंडात गेली असती. घरमालक म्हणाले, ‘मी सांभाळून घेतो.’ धूळ कोण कशी सांभाळून घेणार?

दुसरी जागा रस्त्यालगत होती, स्वस्तही होती, पण तिथला ट्रान्सफॉर्मर आधीच ओझ्याने वाकलेला. संध्याकाळी दिवे मिणमिणायचे. गोदामाला तशी वीज फार लागत नाही, तरी मला सळ्या कापायचे यंत्र बसवायचे होते. तिसरी मिळाली ती अशी: खाणी चालू असताना जिथे टिपर रांगेने उभे राहायचे, त्या जुन्या वजनकाट्याजवळचे आवार. जमीन वर्षानुवर्षे चाकांनी चेपून घट्ट झालेली, रस्ता अवजड गाड्यांसाठीच केलेला, जवळपास घर नाही, झाड तोडायचे नाही, मातीचा भराव टाकायचा नाही. गावापासून थोडे लांब पडते, रिक्षा-टेम्पोचा खर्च वाढला, हे खरे. पण आजवर गोदामावरून एका शेजाऱ्याशी माझा वाद झालेला नाही, कारण शेजारीच नाही.

हे मी माझ्या सोयीसाठी केले. मला कोणी विचारले नव्हते. उद्या मी ती वाड्यातली जागा घेतली असती तर मला थांबवणारा लेखी निकष कुठे होता? दाखले गोळा करायचे, सनद (जमीन बिगरशेती केल्याचा कागद) आहे का बघायचे, शुल्क भरायचे, संपले. जागा योग्य आहे का, याची परीक्षा शेवटी धंदेवाल्याच्या शहाणपणावर सोडलेली. आणि सगळेच धंदेवाले गावात राहत नाहीत. जो पणजीत किंवा दिल्लीत बसून सर्व्हे क्रमांक विकत घेतो, त्याला म्हातारीचा दमा दिसत नाही.

काही धंद्यांच्या बाबतीत हे काम देशाने करून ठेवले आहे. पेट्रोल पंप घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पंप शाळेपासून, दहा किंवा अधिक खाटांच्या इस्पितळापासून आणि निवासी म्हणून ठरवलेल्या भागापासून ५० मीटर दूर हवा. जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा उपाय करून थोडी सूट मिळते, पण ३० मीटरच्या आत कोणत्याही परिस्थितीत नाही. मोजायचे कुठून, तेही लिहिले आहे: टाकी भरण्याची जागा, तेल देणारे यंत्र किंवा हवा सोडणारा पाइप यांतले जे जवळ असेल तिथून. म्हणजे पंपवाल्यालाही माहीत, शेजाऱ्यालाही माहीत, पंचालाही माहीत. भांडण झालेच तर टेप घेऊन मोजायचे. त्याच मंडळाने उद्योगांचे प्रदूषणाच्या गुणांकावरून लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा असे वर्ग २०१६ मध्ये पाडले. त्या वेळच्या वर्गवारीत ६० किंवा त्याहून जास्त गुण तो लाल, २० पर्यंतचा पांढरा होता. मग लग्नाचा हॉल, सिमेंटचे गोदाम, गाड्या धुण्याचे केंद्र, रात्री चालणारे रेस्टॉरंट, भंगाराचे आवार यांच्यासाठी आमच्या पंचायतीच्या भिंतीवर एक कागद का लागू नये?

आवाजाची गोष्ट तर गमतीची आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, व्यापारी भागाला ६५ आणि ५५. म्हणजे माझ्या शेजारच्या तुकड्याचा रंग नकाशावर बदलला की त्याला रात्री दहा डेसिबल जास्त आवाज करण्याची मुभा मिळते. दहा डेसिबल म्हणजे कानाला साधारण दुप्पट मोठा आवाज. माझे घर तिथेच, माझी झोप तीच, आणि त्या नोटिशीत माझ्या घराचा उल्लेखसुद्धा नाही. ज्याच्या जमिनीचा विभाग बदलतो त्याच्याइतकाच बदल शेजाऱ्याच्या आयुष्यात होतो, पण अर्ज एकट्या मालकाचा.

मात्र निकष लिहिला म्हणजे झाले असेही मी म्हणणार नाही. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत असा आदेश दिला. दुसऱ्या वर्षी मार्चअखेर, २० हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांसाठी ते अंतर २२० मीटर झाले, पुढे शहरी हद्दींना मोकळीक मिळाली. आपल्या गोव्यात तेव्हा बारवाल्यांची किती धांदल उडाली ते सर्वांनी पाहिले. एवढ्याशा राज्यात महामार्ग गावांच्या पोटातूनच जातात. ५०० मीटर म्हटले की अर्धा गाव त्यात आला. दिल्लीत बसून आखलेला एकच आकडा प्रत्येक गावाला बसत नाही. म्हणूनच मी स्थानिक निकष म्हणतो. काणकोणच्या किनाऱ्याचा कागद वेगळा, साखळीच्या नदीकाठचा वेगळा, सांगेच्या डोंगरातला आणखी वेगळा.

हे काम गोव्यात कधी झालेच नाही असे नाही, आणि मला खरा राग त्याचाच आहे. कुठल्या जमिनीचा वापर कशासाठी हे ठरवणारा, २००६ साली जाहीर झालेला ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकांनी रस्त्यावर उतरून २००७ च्या सुरुवातीला मागे घ्यायला लावला. त्यानंतर चार्ल्स कोरियांसारखा वास्तुविशारद ज्यात होता त्या कृती दलाने नवा आराखडा, म्हणजे ‘आराखडा २०२१’, तयार केला, आणि त्याचा मसुदा गावागावांत पाठवला. आमच्या पंचायतीच्या सभागृहात टेबले जोडून नकाशे पसरले होते ते मला चांगले आठवते. ज्यांनी आयुष्यात कधी नकाशा पाहिला नव्हता अशा बायका बोट ठेवून सांगत होत्या की ही झर, हे देवाचे राखण, इथे पावसात पाणी तुंबते, ही वाट मेलेल्याला न्यायची. सरकारी सर्वेक्षणात नसलेल्या गोष्टी त्या दिवसांत कागदावर आल्या. त्या आराखड्याचा पाया तरी बरोबर होता: आधी पर्यावरणदृष्ट्या नाजूक जागा बाजूला काढा, मग उरलेल्यात वस्ती आणि धंदा बघा.

पुढे तो आराखडा कधी गोठवला गेला, कधी वितळला. २०१८ मध्ये १६ब, २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९अ अशी जमिनीचा विभाग बदलू देणारी कलमे नगरनियोजन कायद्याला जोडली गेली. १७(२) हे आराखड्यात ‘अनवधानाने’ झालेल्या चुका सुधारण्यासाठी होते म्हणे. एवढ्या जमिनींच्या बाबतीत एकाच वेळी अनवधान व्हावे, हे नवलच. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. कायद्याचा खल मी वकिलांवर सोडतो. माझे म्हणणे साधे आहे. तुकड्यातुकड्याने अर्ज येतात आणि तुकड्यातुकड्याने रंग बदलतात, तेव्हा पूर्ण गाव कोणाच्याच टेबलावर नसतो. एका अर्जाने फारसे बिघडत नाही, दुसऱ्याने नाही, दहाव्याने व्हाळ बुजतो. आणि तो दहावा अर्जदार म्हणतो, आधीच्या नऊ जणांना दिलेत, मग मलाच का नाही? त्याचेही बरोबरच आहे.

आता जागेच्या पाहणीबद्दल, कारण माझ्या मते सगळी गडबड तिथे आहे. आमच्याकडे पाहणीला माणसे येतात ती बहुधा जानेवारी ते मे या काळात. तेव्हा उन्हे असतात, रस्ता कोरडा असतो, गाडी थेट बांधापर्यंत जाते. ज्या शेतात वायंगण (पावसाळ्यानंतरचे भातपीक) होत नाही ते तेव्हा भेगाळलेले, गुरे चरताहेत, कोपऱ्यात प्लास्टिक पडलेले. साहजिकच कागदावर ‘पडीक’ असे लिहिले जाते. तेच शेत आषाढात पाहा. वरच्या सड्यावरचे पाणी उतरते ते तिथे पसरते, दोन दिवस थांबते आणि मग व्हाळात जाते. ते शेत पडीक असले तरी दर पावसाळ्यात आपले काम करत असते. तिथे भराव घातला की पाणी आपली वाट बदलते आणि समोरच्याच्या पडवीत शिरते. २०२१ च्या जुलैत म्हादई आणि वाळवंटी चढल्या तेव्हा सत्तरी-दिचोलीत लोकांनी छपरापर्यंत पाणी पाहिले. त्या वेळच्या पाण्याच्या खुणा कितीतरी भिंतींवर रंग दिल्यानंतरही ओळखू येतात. रंग मीच विकलेला आहे.

हिशेब कोणीही करू शकतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हॉलची इमारत, फरसबंदी आणि गाड्या ठेवायची जागा मिळून पाच हजार चौरस मीटर धरा. आपल्याकडे जुलैत दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस ही काही बातमी नव्हे. म्हणजे एका दिवसात पाच लाख लिटर, दहा हजार लिटरचे ५० टँकर. आधी हे पाणी मातीत मुरायचे, बांधांमागे थांबायचे. आता ते काँक्रीटवरून सरळ व्हाळात जाणार, आणि व्हाळाची रुंदी तीच राहणार. बांधकामाच्या नकाशात गटार दाखवलेले असते, पण ते आवाराच्या कुंपणापर्यंतच. कुंपणाबाहेर काय होते ते नकाशाचा विषय नसतो.

सड्याचेही तसेच. जांभ्याचे पठार उन्हाळ्यात काळे, उघडे, ओसाड दिसते. गाव म्हणतो ‘थंय किदेंच ना’, तिथे काहीच नाही. पण जांभा सच्छिद्र असतो. त्यात मुरलेले पाणी हळूहळू खाली उतरून पायथ्याशी झरीतून बाहेर येते, आणि त्या झरीवर कुळागरातली पोफळ उभी असते. खाणीच्या खोदाईने आमच्या तालुक्यातल्या शिरगावच्या विहिरी आटल्या, ती गोष्ट उच्च न्यायालयापर्यंत गेली. तेव्हा सड्यावर काही बांधायचेच नाही असे मी म्हणत नाही, पण पायथ्याला झर आहे का, कोणाची बाग त्यावर आहे, हे विचारल्याशिवाय ‘ओसाड’ हा शब्द कागदावर चढू नये.

म्हणून माझी पहिली मागणी: व्यापारी वापरासाठी विभाग बदलायचा असेल तर जागेची एक पाहणी जुलै किंवा ऑगस्टमध्ये व्हावी. अर्ज डिसेंबरात आला तर जुलैपर्यंत थांबावे. जो माणूस तीस-चाळीस वर्षांसाठी इमारत बांधणार आहे त्याला सहा-सात महिने थांबणे जड जाऊ नये. आणि दुसरी पाहणी त्या रस्त्यावर सगळ्यात जास्त गर्दी असते त्या वेळी. दिचोलीत बुधवारच्या बाजाराला, म्हापशात शुक्रवारी, किनाऱ्यावर डिसेंबरातल्या शनिवारी रात्री. मंगळवारी दुपारी साडेतीनला रस्ता रिकामाच असणार.

डिसेंबरातल्या शनिवारी रात्रीचे नाव निघालेच आहे, तर हडफड्याची आग कोण विसरेल? ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री तिथल्या क्लबमध्ये २५ जणांचा जीव गेला. परवाने, दाखले, कोणी सही केली, कोणी नाही, यावर रकानेच्या रकाने छापून आले आणि ते यायलाच हवे होते. मला त्यातली एकच गोष्ट खुपते. अरुंद वाटेमुळे अग्निशमन दलाचे बंब थेट जागेपर्यंत पोचू शकले नाहीत, असे आपल्या वर्तमानपत्रांतूनच वाचले. बंब पोचणार नाही अशी वाट काही त्या रात्री अरुंद झालेली नव्हती. पहिली वीट ठेवायच्या आधीही ती तेवढीच होती आणि टेपने मोजता येत होती.

दुसरी मागणी वापरलेल्या जागांची. औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती दिचोली, होंडा, पिसुर्ले, कुंडई, मडकई, पिळर्ण, तुये, वेर्णा अशा ठिकठिकाणी आहेत. तिथून जाताना गंजलेली फाटके आणि वेलींनी गिळलेल्या शेडी कोणालाही दिसतील. तिथे रस्ता आहे, वीज आहे, पाण्याची जोडणी आहे. खाणपट्ट्यात जुने ट्रक-यार्ड, बंद गॅरेजी, वजनकाटे पडून आहेत. शहरांत मजल्यावरची दुकाने वर्षानुवर्षे ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी लावून बसली आहेत. अर्जदाराने आधी सांगावे की अशा जागा पाहिल्या का, आणि पाहिल्या तर का चालल्या नाहीत. कारण पटण्यासारखे असेल तर पुढे जाऊ. ‘तिथे भाडे जास्त आहे’ हे कारण मी एक व्यापारी म्हणून समजू शकतो, पण शेत स्वस्त आहे म्हणून ते व्यापारी करायचे, आणि केल्याबरोबर त्याचा भाव चढणार, हा नफा कशाचा आहे ते सगळ्यांना कळते. रंग बदलताच जमीन विकून मोकळे होणारे आणि खरोखर धंदा करणारे यांच्यात फरक करायचा तर ठरावीक मुदतीत तोच धंदा सुरू झाला नाही तर विभाग आपोआप पूर्ववत व्हावा, ही अट घाला. अर्जांची संख्या किती घटते ते पाहू.

रोजगाराबद्दल थोडक्यात. हॉलमध्ये काम मिळेल म्हणणाऱ्या मुलांवर मी रागावत नाही. माझ्या घरातही नोकरी शोधणारा मुलगा आहे. पण कामे किती, वर्षाचे किती महिने, पगाराची की रोजंदारीची, हे अर्जात लिहून द्यायला काय हरकत आहे? तोंडी आश्वासनावर आम्ही सिमेंटची एक गोणी उधार देत नाही.

कोणी म्हणेल, एवढे निकष घातले की गोव्यात गुंतवणूक येणार नाही. मला उलट वाटते. आज धंदा करू पाहणाऱ्याची अडचण निकष जास्त आहेत ही नाही. कोणता निकष कधी लागेल याचा पत्ता नसतो, ही आहे. जमीन घेतो, सनद करतो, दाखल्यांच्या मागे हिंडतो, आणि मग ग्रामसभा उठते, कोर्टात दावा होतो, काम अर्ध्यावर थांबते. बँकेचे व्याज थांबत नाही. माझ्या ओळखीत अशी अर्धी उभी राहिलेली बांधकामे आहेत, त्यांच्या सळ्या गंजून लाल झाल्या आहेत. त्या मालकांना कोणी आधी सांगितले असते की या वाड्यात सहा मीटरचा रस्ता नसेल तर व्यापारी वापर नाही, या रेषेखाली भराव नाही, पण त्या नाक्यावर, त्या जुन्या यार्डात या, दाखला महिन्याभरात मिळेल, तर ते आनंदाने तिकडे गेले असते. ‘इथे नको’ म्हणणाऱ्या कागदावर ‘इथे या’ असेही लिहिलेले असले पाहिजे. आमच्या गावात अशा निदान तीन-चार जागा मी आत्ता बोट दाखवून सांगू शकतो.

छोट्यांनाही विसरू नका. गाडेवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, पण आमच्याकडे नवे संकुल झाले की पहिला हातोडा पडतो तो कोपऱ्यावरच्या भजीच्या गाड्यावर, पार्किंगला अडथळा म्हणून. ज्या विधवेने त्या गाड्यावर मुले शिकवली, तिची जागाही नकाशात असावी.

आमच्या पुढच्या ग्रामसभेसाठी मी ठरावाचा मसुदा लिहिला आहे. पंचायतीने वाड्यागणिक व्यापारी वापराचे निकष तयार करावेत: रस्त्याची रुंदी, मोरीची रुंदी, २०२१ च्या पुराची रेषा, झर व विहिरीपासूनचे अंतर, सर्वांत जवळच्या घरापासूनचे अंतर, विजेचा भार, गाड्या उभ्या करायची सोय आणि पाणी शेवटी कुठे जाते ते. जैवविविधता समितीने त्यासाठी आपली नोंदवही उघडावी. तो कागद मराठीत आणि कोकणीत पंचायतीच्या फलकावर लागावा, आणि नगरनियोजन खात्याने विभाग बदलाच्या नोटिशीतल्या तक्त्यात शेवटचा रकाना ‘स्थानिक निकषांनुसार जागेची निवड का केली’ असा वाढवावा. खात्याने मानले नाही तरी पंचायत आपल्या हरकतीत तो रकाना स्वतः भरून पाठवू शकते. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

ठराव मांडणारा मी आहे. अनुमोदक ‘नाका’वाल्यांपैकी मिळाला तर ‘रोजगार’वाले चिडतील, आणि उलट झाले तर हे. म्हणून दोन्ही बाजूंचा एकेक माणूस मिळतो का ते पाहत आहे. एक जवळजवळ तयार झाला आहे; त्याने फक्त मोरीच्या रुंदीचे कलम आधी मोजून दाखवा म्हटले आहे, तेव्हा रविवारी सकाळी टेप घेऊन आम्ही दोघे तिथे जाणार आहोत. इतर गावांतल्या कोणाला मसुदा हवा असेल तर आपण हे पत्र छापताना त्यातला ठरावाचा भाग तसाच्या तसा ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक हार्डवेअर दुकानदार,
दिचोली तालुका